उजवीकडचा खालचा कोपरा

डुबल सरांनी लेन्स तळहातावर घेतली, लिंबू पारखावं तशी दोनदा वरखाली केली आणि माझ्या हातात परत ठेवली.

"वजनच नाही हिला."

"प्लॅस्टिकची आहे, सर."

"ते दिसतंय. आतली काच तरी काचेची आहे का?"

खोलीतले सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होतो, कारण डुबल सरांनी मारलेला टोमणा हसत हसत पचवायचा, अशी आमच्या मंडळाची रीतच होती. हसला नाही तो एकटा सलीम तांबोळी. त्याचा जीव त्या प्लॅस्टिकच्या लेन्समध्ये अडकला होता.

ही गोष्ट कराडची आणि पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. कृष्णाकाठ छायाचित्रण मंडळ नावाचं आमचं चौदा जणांचं मंडळ होतं. पिठाच्या गिरणीच्या माडीवर एक खोली, एक जुना कॉम्प्युटर, चौदा खुर्च्या आणि डुबल सर, एवढी मंडळाची मालमत्ता. सर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या वर्गाला शिकवून निवृत्त झाले होते. रेघ केसभर जरी हलली तरी त्यांना जेवण जात नसे, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. मागे राहिल्या त्या काचा. लेन्सला ते काचच म्हणत, आणि जगात पन्नासची काच तेवढी खरी, बाकी सगळं थोतांड, असं त्यांचं मत होतं. पन्नासची म्हणजे साधी, सरळ, ना लांबचं जवळ आणणारी ना जवळचं पसरवणारी. गेली चोवीस वर्षं ते त्याच एका काचेतून कराड बघत होते.

"झूम म्हणजे आळशी माणसाची सोय," सर म्हणाले. "पुढंमागं व्हायला देवानं पाय दिलेत."

"मागं मंगल कार्यालयाची भिंत आली की पाय काय करणार, सर?" सलीमनं विचारलं.

सलीमचं एसटी स्टँडजवळ पासपोर्ट फोटोचं दुकान होतं. लग्नाची कामं घ्यायची त्याला फार हौस, पण त्याच्याकडंही सरांच्या सल्ल्यानं घेतलेली पन्नासचीच लेन्स. तिच्यात नवरानवरी मावली की वरमाय बाहेर राहायची, आणि वरमायला बाहेर ठेवून आमच्या भागात आजवर कुणी लग्नाचा फोटोग्राफर झालेला नाही. आता मसूरच्या एका लग्नाचं काम त्याच्याकडं आपणहून चालून आलं होतं. हो की नाही ते सोमवारी सांगायचं होतं. मी आणलेली लेन्स म्हणजे कॅमेऱ्याबरोबर खोक्यातच येते ती, सगळ्यांत स्वस्तातली झूम. अठरावर फिरवली की अख्खं स्टेज मावतं, पंचावन्नवर फिरवली की नवरीची नथ जवळ येते. सलीमला परवडण्यासारखी तेवढीच होती. पण मंडळाच्या रजिस्टरात पास झाल्याशिवाय तो कुठलीही काच घेत नसे. सरांच्या शब्दावर त्याचा तेवढा विश्वास होता.

"परीक्षा घेऊ या की," मी म्हणालो. "पास झाली तर झाली."

मी दूध संघाच्या लॅबमध्ये होतो. दिवसभर दुधातली फॅट काढायची. त्यामुळं परीक्षा म्हटलं की मला चेव यायचा. शिवाय स्वस्त म्हणजे वाईटच, हे सरांचं म्हणणं एकदा तरी खोटं पाडावं, अशी माझी जुनी इच्छा होती.

सरांनी रजिस्टर उघडलं. "घ्या. नियम माहीत आहेत."

नियम सगळे सरांचेच. परीक्षा व्हायची ती बर्फाच्या कारखान्याच्या विटांच्या भिंतीवर. भिंतीपासून वीस पावलांवर चुन्याचा एक ठिपका होता, तिथंच तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, उभं करायचं. परीक्षा घेणाऱ्यानं कधी जाणार ते कुणाला सांगायचं नाही, सरांनाही नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कागद चिकटवायचा, म्हणजे फोटो कसा आला ते बघून दुसरा काढायचा मोह होत नाही. काम झालं की कार्ड पाकिटात घालून, चिकटवून, वर सही. रविवारी सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं आणि वाचन करायचं.

हे वाचन म्हणजे एक सोहळाच असायचा. कॉम्प्युटरचं तोंड भिंतीकडं, पुढं फक्त दोन खुर्च्या. एकीवर सर, दुसरीवर परीक्षा घेणारा. बाकीचे बारा जण पाठीमागं बसून नुसतं ऐकणार, कारण बारा तोंडं एकदम बोलायला लागली की काच बिचारी हकनाक बदनाम होते, असं सर म्हणत. फोटो मोठा करून सर आधी मध्य बघायचे, मग चारी कोपरे, आणि दहापैकी मार्क मोठ्यानं सांगायचे. स्वस्त लेन्स मध्यभागी बरी असते, तिची लबाडी कोपऱ्यात उघडी पडते. एकही कोपरा पाचाच्या खाली गेला की काच नापास. सरांनंतर शेजारच्यानं आपले मार्क सांगायचे, त्याला दुसरा डोळा म्हणत. दोन्ही डोळ्यांची सही झाली की निकाल पक्का.

मी गुरुवारी सकाळी गेलो. एरवी त्या वेळी मी लॅबमध्ये असायचो, पण एकाशी पाळी बदलून घेतली होती आणि नियम म्हणजे नियम म्हणून घरी आईलाही सांगितलं नव्हतं. नेहमीसारखा सातला डबा घेऊन बाहेर पडलो आणि आठ वाजता ठिपक्यावर हजर झालो. ऊन भिंतीवर तिरकं पडलं होतं आणि विटेविटेमधली रेघ मोजून घ्यावी इतकी उठून दिसत होती. कारखान्यासमोर बर्फाचा टेम्पो भरत होता. उजवीकडं करंजाच्या झाडाखाली भज्यांची गाडी लागली होती. मी पातळी लावली, पडद्यावर कागद चिकटवला, आणि अठरापासून पंचावन्नपर्यंत चाळीसेक फोटो काढले. डोळा भिंतीवरून हलवला नाही. परीक्षा घेताना माझं असंच होतं, लॅबमध्ये आग लागली तरी मी आधी फॅटचा आकडा लिहीन. कार्ड पाकिटात घातलं, सही ठोकली आणि खुशीत कामावर गेलो.

रविवारी दहाला वाचन सुरू झालं. गिरणी बंद होती, त्यामुळं कॉम्प्युटर थरथरत नव्हता. सरांनी पाकीट उलटसुलट करून सही तपासली आणि कार्ड लावलं.

"आधी पंचावन्न," सर म्हणाले. पंचावन्नवरचा मध्य आठ, कोपरे सहा-सात. मागं खुर्च्या करकरल्या. पस्तीसवरही तसंच. सरांच्या भुवया चढत चालल्या होत्या आणि मी मनातल्या मनात मांडीवर थाप मारत होतो.

"आता अठरा. इथं कळेल पाणी."

अठरावरचा फोटो उघडला. सर सावकाश बघायला लागले.

"मध्य, आठ. वरचा डावा, सहा. वरचा उजवा, सहा." ते थोडं पुढं वाकले. "खालचा डावा, सात."

"सात?" मागून सलीम म्हणाला. त्याचा आवाज आत्ताच मसूरला पोचला होता.

"सात," सर म्हणाले. "कारागिरानं काम केलंय, नाही म्हणता येत नाही." आणि त्यांनी फोटो खालच्या उजव्या कोपऱ्याकडं सरकवला.

मग ते एकदम मागं सरकले.

मी पडद्याकडं पाहिलं. करंजाचं झाड, भज्यांची गाडी, गाडीमागं एक बाकडं. बाकड्यावर एक बाई आणि एक पुरुष. चेहरे नखाएवढे, पण नखाएवढ्या चेहऱ्यांवरची सुरकुतीन् सुरकुती दिसत होती. बाईनं चष्मा काढून मांडीवर ठेवला होता, एका हातात चहा, दुसऱ्यात भजं होतं, आणि काहीतरी सांगता सांगता ती अशी हसत होती की हनुवटी वर गेली होती. पुरुषाच्या खिशाला दोन पेनं होती. तो भज्यांकडं बघत नव्हता, कॅमेऱ्याकडं तर अजिबातच नाही. तो तिच्याकडं बघत होता.

बाई म्हणजे माझी आई होती. आणि शेजारी डुबल सर.

आता तुम्ही विचाराल, वीस पावलांवर बसलेली आई दिसली नाही? नाही दिसली. मी भिंत बघत होतो. आईला मी दिसलो नाही, कारण चहा पिताना वाफ येते म्हणून ती चष्मा काढते आणि मग तिला समोरचा हत्तीही ओळखू येत नाही. आणि सर कुठं बघत होते ते सांगितलंच.

पण सरांसारखा काटेकोर माणूस फसला कसा, ते मला तिथं बसल्याबसल्या समजलं. ते बाकडं त्यांनी उगाच निवडलं नव्हतं. ठिपक्यावरून पन्नासची काच लावली की फोटोची कड बरोबर भिंतीच्या कडेला संपते. बाकडं तिच्या बाहेर सहा फूट. चोवीस वर्षांच्या परीक्षांत ते एकाही फोटोत आलं नव्हतं, त्यामुळं सगळ्या कराडात एवढी निर्धास्त जागा दुसरी नाही, असा त्यांचा हिशेब. अठराची काच किती पसरते हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. झूमला त्यांनी जन्मात कधी हात लावला नव्हता. शिवाय गुरुवारी आठला मी दूध संघात असतो, हे त्यांना घरातूनच कळलेलं असणार.

बाबा गेल्याला सहा वर्षं झाली होती. त्यानंतर आई हसलीच नाही असं नाही, पण पाहुण्यांना चहा द्यावा तशी हसायची, द्यायचा म्हणून. हे हसणं तसलं नव्हतं. मला आधी राग आला. मग कुणावर रागवायचं ते ठरेना. मग मात्र मला फार बरं वाटलं, आणि आपण इतके दिवस फॅट मोजत बसलो याची लाजही वाटली.

सरांचा हात माउसवर नुसता पडला होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"खालचा उजवा," ते म्हणाले, "तीन."

खोलीत चुळबुळ झाली.

"तीन?" सलीम म्हणाला. "बाकीचे सहा-सात, आन् ह्योच तीन?"

"होतं असं," सर पडद्याकडंच बघत म्हणाले. "आतली काच तिरकी बसली असली की एकच कोपरा जातो. काही दिसत नाही नीट. सगळं फिसकटलंय."

इतकं धडधडीत खोटं त्या खोलीत तोवर कुणी बोललं नव्हतं. कोपरा असा लख्ख होता की बशीतली भजी मोजावीत.

"दुसरा डोळा?" मागून कुणीतरी विचारलं.

माझी पंचाईत झाली. पास म्हणालो तर लोक कोपरा बघायला उठणार. नापास म्हणालो तर सलीमचं लग्न, म्हणजे मसूरचं लग्न, बुडणार. मी पुन्हा एकदा आईकडं पाहिलं.

"दोन," मी म्हणालो.

सरांनी झटकन मान वळवली. आपल्याला खोटं बोलताना कुणी साथ देईल, तीही आपल्यापेक्षा एक मार्क कमी देऊन, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

तेवढ्यात सलीम उठला. चेहरा उतरला होता, पण तक्रारीचा सूर नव्हता.

"जाऊ दे, सर. बरं झालं वेळेवर कळलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मानलं नसतं. तुम्ही म्हणताय म्हणजे कोपरा गेलेलाच असणार. मसूरवाल्यांना नाही म्हणून कळवतो."

त्यानं पिशवी उचलली. तो दारापर्यंत गेला आणि चपलेत पाय घालायला लागला.

"थांब, सलीम," सर म्हणाले.

ते उठून उभे राहिले, शर्ट खाली ओढून नीट केला, आणि माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाले, "मकरंद, कोपरा माझ्या एकट्याचा नाही. मला एक फोन करावा लागेल."

"करा की," मी म्हणालो.

सर गॅलरीत गेले. मी उंबऱ्यात उभा राहिलो. आतले सगळे टेबलावरच्या रजिस्टरकडं असे टक लावून बसले होते की जणू त्यात पाऊसपाणी लिहिलंय.

"प्रमिलाबाई, मी बोलतोय," सर म्हणाले. "एक घोटाळा झालाय. गुरुवारी आपण फोटोत आलोय. नाही, कुणी पाळत ठेवली नव्हती, भिंतीचा फोटो होता. हो, मकरंदनंच काढलाय. पाहिला त्यानं. माझ्याच शेजारी बसून पाहिला." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "खोटं बोललो मी, बाई. तीन म्हणालो. त्यानं दोन सांगितले." पुन्हा ऐकणं. मग त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतात."

मी फोन घेतला. "हं, आई."

तिनं विचारलं, "भजी दिसतायत का रे?"

आईचा गुरुवारचा उपास असायचा. कडक. घरात साबुदाण्याची खिचडीसुद्धा मी मागितली तरच व्हायची.

"दिसतायत."

"कांद्याची आहेत ते कळतंय?"

"आकारावरून कळतंय."

"चांगलीच लेन्स दिसतेय मेली," आई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "मकरंद, मी तुला सांगणार होते. दर गुरुवारी ठरवायचे, आज घरी गेल्यावर सांगायचं. मग वाटायचं, तू बाबांचा फोटो पुसत असशील."

"तू फार छान हसतेयस त्यात," मी म्हणालो. मला आणखी बरंच बोलायचं होतं, पण एवढंच निघालं.

तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. "मग सलीमचं नुकसान कशाला करताय दोघं मिळून? दाखवा म्हणावं. आणि दोन मार्क कसले देतोस रे आईला?"

मी फोन सरांना दिला. त्यांनी तो खिशात, दोन पेनांशेजारी ठेवला, आत गेले, आणि वर्गात फळ्यासमोर उभं राहावं तसे कॉम्प्युटरशेजारी उभे राहिले.

"नोंद दुरुस्त करा," ते म्हणाले. "खालचा उजवा कोपरा, नऊ. मी खोटं सांगितलं होतं. कारण कोपऱ्यात मी आहे." एवढं बोलून त्यांना धाप लागली. "काच पास आहे. या, बघून घ्या."

त्या दिवशी मंडळाचा नियम पहिल्यांदाच मोडला. बाराही जण एकेक करून पुढं आले. जो तो खुर्चीवर बसायचा, कोपरा चांगला मिनिटभर निरखायचा, आणि उठताना फक्त लेन्सबद्दल बोलायचा.

"कडा स्वच्छ धरल्यात," औषधाच्या दुकानवाले लाडकाका म्हणाले. त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला होता.

"रंगही बरे दिलेत. साडीचा निळा अगदी निळा आलाय," दुसरा म्हणाला, आणि घाईघाईनं पुढं म्हणाला, "एकंदर बोलतोय मी."

"प्लॅस्टिकची असून," तिसरा म्हणाला.

कुणी हसलं नाही, कुणी खोकलंही नाही. माझ्या मंडळाचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. मी रजिस्टरात दोन खोडून नऊ लिहिले आणि सही केली. सरांनी तीन खोडले. त्यांच्या चोवीस वर्षांच्या रजिस्टरात खाडाखोड ती एवढीच.

सलीम सगळ्यांत शेवटी आला. एका पायात चप्पल तशीच होती. त्यानं आधी विटा पाहिल्या, मग करंज, मग कोपरा. मग सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"घेतो ही काच," तो म्हणाला. "मसूरला हो म्हणून कळवतो." आणि जरा थांबून, अगदी धंद्याच्या आवाजात, "सर, मसूरच्या पुढच्या आठवड्यात मी मोकळाच हाय. एखादी तारीख धरून ठिवू का तुमच्यासाठी?"

सर त्याच्याकडं बघतच नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. बाजारातली कुठलीही काच दोन मिनिटांत निकालात काढणारा तो माणूस घाबरून उभा होता, आणि मी काय म्हणतो याची वाट बघत होता.

"धर," मी सलीमला म्हणालो. "फक्त या वेळी दोघांना मधोमध घे. कोपऱ्यात नको."